समुद्र दुभंगतो कोणासाठीं?

परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला आणि त्या जागीं कोकणची भूमि वर आली, ही कथा आपल्या भागांतील लहान मुलासहि ठाऊक असते. ज्या भूमीवर आपण घरें बांधिलीं, तिच्या जन्माची गोष्टच पाणी मागें सरल्याची आहे. तेव्हां पाण्यानें वाट दिल्याच्या कथा आम्हां कोकणवासीयांस परक्या वाटण्याचें कारण नाहीं. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे एका बाजूस रत्नदुर्ग व त्यावरील भगवतीचें देऊळ, आणि समोर अफाट समुद्र दिसतो. दिवसांतून दोनदां भरती येते व दोनदां सुकती लागते. जेथें पाणी होतें तेथें चिखल उघडा पडतो, आणि चिखलांत रुतलेल्या होड्या कांहीं वेळानें पुन्हा तरंगूं लागतात. पाणी हटतें आणि परत येतें, हें येथील मुलांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं.

अशाच एका मुलानें नीतिपाठाच्या तासाला, मोशेची गोष्ट सांगून संपल्यावर, आम्हांस एक प्रश्न विचारिला. तो म्हणाला, "सर, त्यांच्यासाठीं समुद्र दुभंगला, मग आमच्या चाचांसाठीं कां नाहीं? ते तर रोजची नमाज कधीं चुकवीत नसत." त्याचे चाचा २००९ सालच्या फयान वादळांत गेले ते परत आलेच नाहींत. तो मुलगा तेव्हां जन्मलाहि नव्हता. पण घरांत त्यांचें नांव निघाल्यावांचून दिवस जात नाहीं, असें तो म्हणाला. वर्ग अगदीं स्तब्ध झाला. आम्हीं त्या वेळीं कांहींतरी उत्तर दिलें. परंतु तें उत्तर आमचें आम्हांसच पुरेसें वाटलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची दुरुस्ती होय, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम ह्या कथा काय सांगतात तें नीट पाहूं. कारण आपण पुष्कळदां कथेंतील चित्र लक्षांत ठेवितों आणि मजकूर विसरतों. निर्गमाच्या चौदाव्या अध्यायांत मिसर देशांतून सुटलेले इस्राएल लोक समुद्रापाशीं येऊन अडकतात आणि मागून फारोचे रथ येत असतात. लोक भयभीत होऊन, रानांत मरण्यापेक्षां तेथील दास्य बरें होतें असें म्हणून मोशेस दोष देतात. त्या वेळीं देव मोशेस जें सांगतो तें फार लक्षांत घेण्यासारखें आहे. आक्रोश थांबवून लोकांस पुढें चालावयास लाव, अशा अर्थाची ती आज्ञा आहे. आणि ती समुद्र दुभंगण्यापूर्वींची आहे, नंतरची नव्हे. मग रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहतो व पाणी हटतें. यहुदी लोकांत तर अशी जुनी कथा चालत आली आहे कीं, किनाऱ्यावर सारे थबकले असतां अम्मीनादाबाचा पुत्र नहशोन हा एकटा पाण्यांत उतरला, आणि पाणी त्याच्या नाकापर्यंत चढलें तेव्हां कोठें वाट झाली.

कुराणांतहि ही कथा आहे. मूसा आपल्या काठीनें समुद्रावर आघात करितो, समुद्र दुभंगतो, आणि त्याचे भाग मोठ्या पर्वतांसारखे उभे राहतात. मोहरमच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे आशूऱ्याला, पुष्कळ मुसलमान बंधु रोजा ठेवितात. त्याचा संबंध मूसाच्या ह्या सुटकेशीं असल्याचें हदीसांत सांगितलें आहे. तेव्हां वर्गांतील त्या मुलानें दुसऱ्या कोणाच्या धर्माविषयीं शंका काढिली नव्हती. ती गोष्ट आमच्याइतकीच त्याचीहि होती, आणि प्रश्न त्यानें स्वतःच्याच श्रद्धेस विचारिला होता.

मोशेच्या मागून यहोशवाची कथा येते. यार्देन नदी सुगीच्या दिवसांत दोन्ही कांठ भरून वाहत असे, आणि नेमकी त्याच दिवसांत ती ओलांडावयाची होती. कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्यास लागले तेव्हां वरचें पाणी थांबलें. पण तें त्यांच्या डोळ्यांसमोर थांबलें नाहीं. तें पुष्कळ दूर, आदाम नांवाच्या गांवापाशीं थांबलें, असें ग्रंथांत स्पष्ट म्हटलें आहे. पुढें एलीयानें आपला झगा गुंडाळून त्याच नदीच्या पाण्यावर मारिला व तो आणि अलीशा पार गेले. नव्या करारांत येशू वादळी रात्रीं गालील समुद्रावरून चालत शिष्यांच्या तारवाकडे येतो, आणि पेत्र त्याच्याकडे जाण्यासाठीं तारवांतून उतरतो.

आपल्या देशांतील कथाहि अशाच आहेत. वसुदेव बालकृष्णास डोईवर घेऊन भरलेल्या यमुनेंत उतरतो आणि मग यमुना वाट देते. रामचंद्र समुद्राची तीन दिवस प्रार्थना करितात. समुद्र दुभंगत नाहीं, तर सेतु कसा बांधावा आणि तो कोणाच्या हातून बांधवावा हें सांगतो, आणि मग नल व वानरसेना दगड वाहूं लागतात. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, तेव्हां देहूस ते तेरा दिवस नदीकांठीं शिळेवर बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. ह्या सर्व कथांत एक गोष्ट समान आढळते. पाणी हटण्यापूर्वीं कोणीतरी पाण्यांत पाऊल टाकलेलें असतें, ओझें उचललेलें असतें, किंवा अन्नपाणी सोडून धरणें धरलेलें असतें. नुसतें तीरावर उभें राहून पाहणारासाठीं पाणी हटल्याची कथा आमच्या वाचनांत नाहीं.

आतां कित्येक सुशिक्षित पालक विचारितील कीं, हें खरोखर घडलें काय, आणि घडलें तर कसें? ह्या प्रश्नास भिण्याचें कारण नाहीं. ज्यास आपण तांबडा समुद्र म्हणतों, त्यास मूळ इब्री ग्रंथांत याम सूफ म्हणजे लव्हाळ्यांचा समुद्र असें म्हटलें आहे. त्यावरून तें ठिकाण मिसर देशाच्या पूर्व सीमेवरील एखादें उथळ सरोवर असावें, असें अनेक पंडितांचें मत आहे. २०१० साली अमेरिकेंतील कार्ल ड्र्यूज व वेइचिंग हान ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं गणित मांडून असें दाखविलें कीं, नाईल नदीच्या मुखप्रदेशाच्या पूर्वभागांत ताशीं सुमारें १०० किलोमीटर वेगाचा पूर्वेचा वारा १२ तास वाहिला, तर सुमारें दोन मीटर खोल पाणी मागें रेटलें जाऊन तीन ते चार किलोमीटर लांबीची चिखलवाट सुमारें चार तास उघडी राहूं शकते. यार्देनच्या बाबतींतहि असेंच आहे. १२६७ साली दामिया येथें, म्हणजे ज्या जागीं प्राचीन आदाम गांव होतें असें मानितात तेथेंच, नदीकांठची दरड कोसळून प्रवाह कांहीं तास अडला होता, अशी नोंद अरब इतिहासकारानें केली आहे.

ह्यावरून कोणी म्हणतील कीं, मग चमत्कार उरला कोठें? आमचें मत असें आहे कीं, वाऱ्याचें कारण सांपडल्यानें ग्रंथाचें कांहींच बिघडत नाहीं, कारण वारा होता हें ग्रंथानेंच सांगितलें आहे. उलट वाऱ्याचा वेग मोजतां आला म्हणून त्या रात्रीं भयानें ओरडणाऱ्या लोकांस पुढें चालण्याचें बळ कोठून आलें, तें मोजतां येत नाहीं. दरड कोठें कोसळली हें भूगर्भशास्त्र सांगेल. पण पूर आलेल्या नदींत पहिलें पाऊल घालणाऱ्यास ती दरड दिसत नव्हती. विज्ञानाच्या पुस्तकांस व धर्मग्रंथांस एकमेकांशीं झुंजविण्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं आपली बुद्धि खर्चूं नये. खरी अडचण तेथें नाहींच. खरी अडचण त्या मुलाच्या प्रश्नांत आहे.

ती अडचण अशी. आमच्या ह्याच किनाऱ्यावर पूर्वीं मुंबईहून आगबोटी येत असत. त्यांतील दोन बोटी, जयंती आणि तुकाराम, ११ नोव्हेंबर १९२७ ह्या एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. ज्या संताच्या वह्या पाण्यानें परत दिल्या असें आपण भक्तीनें सांगतों, त्याचेंच नांव धारण करणारी बोट पाण्यानें परत दिली नाहीं. पुढें १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास अवघे चार आठवडे उरले असतां, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशीं कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. मुंबईस बातमी लागेपर्यंत कित्येक तास गेले होते. तिचेंहि नांव समर्थांचें होतें. आणि २००९ साली, पुन्हा ११ नोव्हेंबरलाच, फयान वादळ अलिबाग व मुंबई ह्यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलें, तेव्हां कोकणचे कित्येक मच्छीमार समुद्रांतच राहिले. त्या सर्व बोटींवर देवाचा धांवा करणारीं माणसें नव्हतीं असें कोण म्हणूं शकेल? रामदास बोटींत कोणी विठ्ठलाला हांक मारिली असेल, कोणी अल्लाला, कोणी येशूला. समुद्र कोणासाठींच दुभंगला नाहीं.

ह्या अडचणीचें एक सोपें उत्तर आहे, आणि तें धर्मोपदेशकांच्या तोंडीं पुष्कळदां ऐकूं येतें. ज्याची श्रद्धा खरी तो तरला, ज्याची उणी तो बुडाला, हें तें उत्तर. आम्ही स्पष्ट सांगतों कीं, हें उत्तर खोटें आहे; एवढेंच नव्हे, तर तें निर्दयपणाचेंहि आहे. तें ऐकणाऱ्या पोरक्या मुलास आपला बाप तर गमवावाच लागतो, आणि वर त्या बापाच्या श्रद्धेवर डाग लागलेला पाहावा लागतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळांत बसरा स्टार नांवाचें जहाज आपल्या मिऱ्याच्या किनाऱ्यास येऊन लागलें आणि त्यावरील खलाशी वांचले. ह्याचा आपणां सर्वांस आनंदच झाला. परंतु त्यांची श्रद्धा फयानमध्यें गेलेल्या आपल्या माणसांपेक्षां मोठी होती, असें मिरकरवाड्यांत जाऊन सांगण्याची कोणाची छाती आहे काय?

ह्या बाबतींत शुभवर्तमानाची साक्ष अगदीं स्पष्ट आहे. लूकच्या तेराव्या अध्यायांत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें दडपून मेल्याचा उल्लेख आहे. तीं माणसें यरुशलेमांतील इतरांपेक्षां अधिक पापी होतीं म्हणून मेलीं काय, असा प्रश्न येशू स्वतःच काढितो, आणि तसें मुळींच नाहीं असें ठांसून सांगतो. तेव्हां बुडालेल्यांच्या श्रद्धेचें माप त्यांच्या मरणावरून घेण्याचा अधिकार निदान ख्रिस्ती माणसास तरी राहिलेला नाहीं. यहुदी तल्मूदांतील एक कथा तर ह्याहून पुढें जाते. फारोचें सैन्य बुडत असतां देवदूत स्तुतिगीत गावयास निघाले, तेव्हां देवानें त्यांस थांबविलें. कारण बुडणारे लोकहि त्याच्याच हातांनीं घडविलेले होते. जेथें शत्रूच्या बुडण्यानेंहि देवास दुःख होतें अशी समजूत आहे, तेथें भक्ताचें बुडणें ही त्याची शिक्षा कशी म्हणावी?

आतां ह्याच कोकणांतील एका समाजाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें, म्हणजे आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होईल. मोशेबरोबर समुद्र ओलांडून गेलेल्या लोकांचे वंशज म्हणविणारे बेने इस्राएल लोक अनेक शतकें कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर राहत आले. ते तेलाच्या घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. ते मराठी बोलत. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची निर्गमाची हकीकत, जिला ते हागादा म्हणतात, ती १८४६ साली मुंबईंत मराठी भाषांतरासह छापली गेली. यार्देन ओलांडणारा एलीया हा तर त्यांचा विशेष आदराचा संदेष्टा; त्याच्या नांवानें ते मलिद्याचा विधि करितात. पुढें, १९४८ नंतर, त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशांत जाऊन राहिलीं.

पण हे लोक कोकणांत आले कसे? त्यांची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें जहाज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच वांचलीं. बाकीच्यांचीं प्रेतें नवगांवास पुरलीं. म्हणजे पाहा, ज्यांच्या पूर्वजांसाठीं समुद्र दुभंगला, त्यांच्याच वंशजांचें जहाज समुद्रानें फोडिलें. त्यांनीं मोशेची गोष्ट खोटी ठरवून टाकून दिली काय? नाहीं. पोथ्या बुडाल्या, कुटुंबें बुडालीं, तरी त्या चौदा जणांनीं व त्यांच्या संततीनें शनिवार पाळिला, मुलांची सुंता केली, आणि आपण कोण हें मुलांस सांगितलें. जहाज फुटलें तेव्हां चमत्कार झाला नाहीं असें आपण म्हणूं. पण परक्या किनाऱ्यावर, परक्या भाषेंत, एवढीं शतकें ती आठवण जिवंत राहिली, हिला काय म्हणावें?

नव्या करारांतहि अशी एक कथा आहे, आणि ती आम्ही मुलांस फार क्वचित् सांगतों हा आमचा दोष आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौल बंदिवान होऊन रोमेस जात असतो. हंगाम टळलेला आहे, आतां पुढें जाणें धोक्याचें आहे, असें तो आधींच सांगतो. पण त्याचें कोणी ऐकत नाहीं. मग चौदा दिवस वादळ. समुद्र शांत होत नाहीं, दुभंगत नाहीं, आणि पौल पाण्यावरून चालतहि नाहीं. तो काय करितो? खलाशी गुपचूप होडी सोडून पळूं पाहतात, तेव्हां ते राहिल्याशिवाय कोणीच वांचणार नाहीं असें सांगून तो त्यांस अडवितो. उपाशी माणसांस अन्न खावयास लावितो. शेवटीं जहाज फुटतें, आणि २७६ माणसें कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, माल्टा बेटाच्या किनाऱ्यास लागतात. ह्यांत पाणी हटल्याचा चमत्कार कोठें आहे? तरी हीहि श्रद्धेनें पाणी ओलांडल्याचीच कथा आहे.

तेव्हां ह्या सर्व कथांचा श्रद्धेसाठीं अर्थ काय, ह्या मुख्य प्रश्नाकडे आम्ही येतों. श्रद्धा म्हणजे देवास दिलेलें भाडें आणि चमत्कार म्हणजे त्याबद्दल मिळालेला पार जाण्याचा परवाना, असा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. आमच्या मतें ह्या कथा आपणांस पाण्याविषयीं नव्हे, तर पाण्याच्या कांठीं उभ्या असलेल्या माणसाच्या कर्तव्याविषयीं शिकवितात.

पहिलें कर्तव्य पाऊल टाकण्याचें. वाट आधीं दिसावी आणि मग चालावें, अशी सोय मोशेच्या लोकांस मिळाली नाहीं, याजकांस मिळाली नाहीं, वसुदेवासहि नाहीं. परीक्षा, आजारपण, कर्ज, घरांतील कर्त्या माणसाचें जाणें, ह्या पुरांत उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास हें लागू आहे. आदाम गांवीं पाणी थांबलें आहे कीं नाहीं हें आपणांस दिसत नसतें. आपल्या पायाखालचें पाऊल तेवढें आपल्या हातीं असतें.

पण येथें एक सावधगिरीची सूचना देणें जरूर आहे. पाऊल टाकणें निराळें आणि उडी घेणें निराळें. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देव तुला झेलील, असें सैतानानें सुचविलें तेव्हां येशूनें नाकारिलें, कारण ती देवावरची श्रद्धा नसून देवाची परीक्षा पाहणें होतें. हवामानखात्याचा इशारा आला असतां, बंदरावर धोक्याचा बावटा चढला असतां, देव तारील म्हणून होडी बाहेर काढणें ही पौलाची श्रद्धा नव्हे. पौलानें तर नेमकें त्याविरुद्ध सांगितलें होतें. लाईफ जॅकेट होडीच्या कोपऱ्यांत कोंबून ठेवून नुसत्या ताईतावर अगर क्रुसावर भिस्त ठेवणें हा देवाचा मान नव्हे. ज्या देवानें वारा निर्माण केला, त्यानेंच वारा आधीं ओळखण्याची बुद्धि माणसास दिली आहे. रामचंद्रांस समुद्रानें सेतु बांधावयास सांगितलें, ही गोष्ट आम्हांस म्हणूनच फार मोलाची वाटते.

दुसरें कर्तव्य मागच्यांसाठीं थांबण्याचें. यहोशवाच्या कथेंत पहिलें पाऊल टाकणारे याजक सर्वांच्या आधीं पार गेले नाहींत. ते कोश खांद्यावर घेऊन नदीच्या मधोमध उभे राहिले, आणि म्हातारींकोतारीं, लेंकुरवाळ्या बाया, सारे लोक पार झाल्यावर मग बाहेर आले. एवढा वेळ वर पाण्याची रास उभी होती. आम्हांस तर वाटतें कीं, ह्या कथेंतील श्रद्धेची खरी परीक्षा पाऊल टाकण्यांत नसून त्या उभें राहण्यांत आहे. पेत्राची गोष्टहि तीच. तो कांहीं पावलें चालला हें आपण सांगतों. पण तो वारा पाहून बुडूं लागला आणि येशूनें लगेच हात पुढें करून त्यास धरिलें, ही त्या कथेची गाभ्याची गोष्ट आहे. पेत्र जन्माचा कोळी होता. तरी त्यालाहि दुसऱ्याच्या हाताची गरज पडली.

रामदास बोट बुडाली त्या दिवशीं रेवसकडील कोळी आपल्या होड्या घेऊन समुद्रांत होते. त्यांनीं विक्रीस चाललेली मासळी पाण्यांत टाकून दिली आणि त्या जागीं बुडणारीं माणसें घेतलीं, अशी हकीकत सांगतात. ज्यांस त्यांनीं वर ओढिलें, त्यांची जात किंवा धर्म कोणी विचारिला नसेल. समुद्र दुभंगला नाहीं. पण त्या पाण्यांतून कांहीं माणसें जिवंत किनाऱ्यास लागलीं, आणि तीं ह्या हातांमुळें लागलीं. देव त्या दिवशीं कोठें होता असें कोणी विचारिलें, तर आम्ही त्या रिकाम्या केलेल्या होड्यांकडे बोट दाखवूं.

तिसरें कर्तव्य आठवणीचें. यार्देन ओलांडल्यावर यहोशवानें नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून आणविले व गिल्गालास उभे केले. पुढें मुलांनीं हे धोंडे कसले म्हणून विचारावें आणि वडिलांनीं सांगावें, हा त्यांचा हेतु. आणि सांगावयाचें तें काय? आम्ही शूर म्हणून तरलों, हें नव्हे. आपणहि एकदां परदेशांत उपरे होतों, म्हणून उपऱ्यास छळूं नका, अशी आज्ञा मोशेच्या शास्त्रांत ह्याच आठवणीच्या आधारें दिलेली आहे. जो पार गेला त्यानें मागें राहिलेल्यांची आठवण ठेवावी, एवढा ह्या धोंड्यांचा अर्थ आहे. ज्या घरांतील माणूस समुद्रावरून सुखरूप परत येतो, त्या घरानें ज्या घरचें माणूस परत आलें नाहीं त्या घराकडे पाहावें. त्या घरच्या मुलांची फी, पुस्तकें, त्यांच्या आईचें कामकाज, ह्यांची काळजी वाहणें म्हणजेच आपल्या वाड्यांत बारा धोंडे उभे करणें होय.

पालकहो, आपलीं मुलें असे प्रश्न विचारितात तेव्हां त्यांस गप्प बसवूं नका, आणि सोपें उत्तर तर मुळींच देऊं नका. यहोशवानें धोंडे उभे केले ते मुलांनीं विचारावें म्हणूनच. ज्या श्रद्धेस प्रश्न सोसवत नाहीं, ती पहिल्या लाटेबरोबर वाहून जाते.

आणि आमच्या त्या विद्यार्थ्यास, तो हा अंक वाचील तेव्हां, आम्ही एवढेंच सांगूं. बाळ, तुझ्या चाचांसाठीं समुद्र कां दुभंगला नाहीं, ह्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. तें आहे असें त्या दिवशीं आम्हीं भासविलें, ही आमची चूक झाली. त्यांची नमाज वायां गेली नाहीं, आणि त्यांच्या श्रद्धेंत कांहीं उणें नव्हतें, हें मात्र आम्ही खात्रीनें सांगतों. पावसाळी बंदी उठली, नारळीपौर्णिमेस समुद्रास नारळ दिला गेला, कीं मिरकरवाड्याच्या होड्या पुन्हा बाहेर पडतात. त्या दिवशीं तूं धक्क्यावर जातोस हें आम्हांस माहीत आहे. जाणाऱ्या प्रत्येक होडींत सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट आहे कीं नाहीं, वायरलेस चालतो कीं नाहीं, हें तूं आपल्या वडिलांस आणि तांडेलांस विचार. लहान तोंडीं मोठा घास म्हणून कोणी हंसलें तरी विचार. आणि ज्या घरचें माणूस आतां त्या होड्यांत नाहीं, त्या घरीं संध्याकाळीं जाऊन बस. आमच्या समजुतीप्रमाणें याजक नदीच्या मधोमध उभे राहिले ते ह्याहून निराळें कांहीं करीत नव्हते.